कडी कोणी लावली

माझे सासरे शेवटपर्यंत लोकांना सांगत, "जावई छापखान्यात आहेत." मी छापखान्यात नव्हतो. अमरावतीच्या एका लहानशा प्रकाशनात संपादक होतो. पण संपादक म्हणजे काय, हे त्यांना समजावताना माझीच इतकी दमछाक व्हायची की पुढे पुढे मीही छापखान्यात असल्यासारखाच वागू लागलो. आता निवृत्त झालोय, म्हणजे पगार थांबला आणि काम तेवढंच राहिलं. या अंकाच्या संपादकांनी "आठवणी लिहा, पण लांबवू नका, आम्ही थोडं कापू" असा निरोप धाडला, तेव्हा इतक्या वर्षांनी कळलं की लेखक मंडळी माझ्याकडे तशा नजरेने का पाहायची.

लोकांना वाटतं, संपादक शुद्धलेखन तपासतो. ते मुद्रितशोधक तपासतो, आणि माझ्यापेक्षा कितीतरी बरं तपासतो. संपादकाचं काम म्हणजे वाचकाला बसायला जागा दाखवायची. कादंबरीत पुष्कळ माणसं असतात. वाचकाला कुणाच्या शेजारी बसवायचं, हे पहिल्या वीस पानांत ठरवावं लागतं. ज्याच्या शेजारी तो बसला त्याचे पुढचे सगळे गुन्हे माफ. ज्याच्या समोर बसला त्याला साधी शिंक आली तरी वाचक म्हणतो, पहा, किती हलकट आहे. ही जागा दाखवण्यात मी हुशार समजला जायचो. आता त्या हुशारीचं काय झालं ते सांगतो.

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी आपल्या तरुणपणावर कादंबरी लिहिली होती. नायक गरीब, कष्टाळू आणि इतका सरळ की वाचणाऱ्याला त्याची काडीचीही दया येईना. मी म्हटलं, "याचा मोठा भाऊ तिसऱ्या प्रकरणात जाऊ द्या."

"कुठं?"

"वर."

त्यांनी जड मनाने भावाला तापात घालवलं. कादंबरी उभी राहिली. प्रकाशनाच्या दिवशी नांदगाव खंडेश्वरहून एक धिप्पाड म्हातारे आले, पहिल्या रांगेत बसले आणि भाषणं संपल्यावर माझ्यापाशी येऊन म्हणाले, "साहेब, मी कवा मेलो थे जरा सांगून ठेवा. घरी इचारतीन." मी हसलो, तेही हसले. पण लेखक भावाशी ते पुढे कितीतरी दिवस बोलले नाहीत. इकडचा वाचक कादंबरी वाचत नाही, तो त्यातली माणसं ओळखत बसतो, हे त्या दिवशी मला कळायला हवं होतं. मी मात्र तो किस्सा चहावर रंगवून सांगायला शिकलो. दुसरं काही शिकलो नाही.

मंगलाताई आल्या त्या यानंतर काही वर्षांनी. अकोल्याच्या, शाळेत मराठी शिकवायच्या. यजमान सुधीरराव वीज खात्यात. एकुलता एक मुलगा रोहन तेव्हा सतरा वर्षांचा होता. त्याला ऑटिझम. बोलणं मोजक्या शब्दांचं, गर्दी आणि मोठा आवाज सहन न होणारं अंग, आणि उंची बापाच्या वर गेलेली. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, असं मी माहितगाराच्या थाटात म्हटलं, तर ताई म्हणाल्या, "स्वतःत कुठे मग्न असतो हो सर? तो पंख्यात मग्न असतो, पोळीत मग्न असतो. स्वतःत मग्न असायला आम्हालाच वेळ नाही."

त्यांनी कादंबरी आणली होती. नावं बदललेली, गाव बदललेलं, बाकी सगळं घरचं. मी वाचायला घेतली आणि तिसऱ्या दिवशी हात टेकले. अर्धं हस्तलिखित आंघोळ होती. सकाळी उठून मुलाला न्हाणीत न्यायचं, त्यानं दारात अडायचं, पाणी हाताने तपासायचं, परत अडायचं, तांब्या फेकायचा. पुढच्या प्रकरणात परत तेच. त्याच्या पुढच्यातही.

"ताई, ही आंघोळ परत परत कशाला?"

"सर, ती परत परतच असते."

"वाचक कंटाळेल ना."

"मी पण."

यावर मी लाल पेन काढलं. संपादकाचं हे असंच असतं. आंघोळ एकच ठेवली, त्यातली सर्वांत वाईट, जिच्यात मुलगा आईच्या दंडाला चावतो. मग म्हटलं, असल्या मुलांना काहीतरी विलक्षण येतं म्हणतात, तारीख सांगितली की वार सांगतात. तसं काही घालू, वाचकाला लळा लागेल.

"त्याला आज कोणता वार आहे तेच माहीत नसतं, सर. त्याला पोळी फुगलेली लागते. नाही फुगली तर ताट सरकवतो."

"मग तसं काही घाला की."

"घातलं होतं. तुम्ही कापलं."

मी पोळी परत घेतली. इतपत माणुसकी माझ्यात होती.

खरा अडसर पुढे होता. हस्तलिखिताच्या मध्यावर एक प्रसंग होता. कादंबरीतली आई एका दुपारी मुलाला खोलीत घालते, बाहेरून कडी लावते आणि दाराशी बसते. आतून तो दार बडवतोय. ती उठत नाही. बस, एवढंच. मी पेन खाली ठेवलं. पंधरा प्रकरणं मेहनत करून वाचकाला या बाईच्या शेजारी बसवायचं आणि एका कडीपायी तो उठून जाणार! मी ताईंना म्हटलं, "आईनं कोंडलं की गेलं सगळं. लोक हे माफ करणार नाहीत. कडी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्या."

"कुणाच्या?"

कादंबरीत एक नणंद होती. तिच्या मुलाच्या लग्नात ती आईला म्हणते, त्याला मांडवात आणू नका, सुनेकडचे लोक पहिल्यांदाच येऊन राहिले. वाक्य तयारच होतं, खलनायिका बनवायला फक्त हात लावायचा अवकाश. मी सुचवलं, लग्नाच्या दिवशी नणंदच त्याला धान्याच्या कोठीत कोंडते. आई पंगतीत वाढत असते आणि सनईतून तिला दार बडवल्याचा आवाज येतो. मला माझाच अभिमान वाटला. सनईतून! आणि लग्नानंतर नणंद घरी येऊन बसते, मुलाला भाकर भरवते, त्याच्या शेजारी दुपारभर नुसती पडून राहते, अशी काही पानं होती. त्यांत काही घडतच नव्हतं. ती काढली. वाईट माणूस मधेच बरा वागायला लागला की वाचक गोंधळतो.

मंगलाताईंनी वाद घातला नाही. मला वाटलं, पटलं. आता कळतं, त्या दमलेल्या होत्या. शाळा, घर, रोहन आणि उरल्या वेळात मी. दोन रविवारांत त्यांनी प्रसंग लिहून पाठवला, आणि तो फार चांगला लिहिला. माझी बायको सुमन आमच्याकडची पहिली वाचक. ती पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली. "काय मेली बाई आहे ती नणंद!" आमच्या धंद्यात यापुढे तपासणी नसते. मी पानं जुळवायला दिली.

प्रुफं अकोल्याला गेली आणि चौथ्या-पाचव्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज अगदी सपाट.

"सर, विमलबाई आल्या होत्या. त्यांनी वाचलं, कागद उचलून नेले. तेव्हापासून फोन उचलत नाहीत."

विमलबाई म्हणजे सुधीररावांची धाकटी बहीण. हिवरखेडला राहणारी, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात, भाजीचा आणि झेंडूचा मळा एकटी पाहणारी. खरी नणंद. मी म्हटलं, समजूत काढू, शेवटी कादंबरी आहे. मग ताई म्हणाल्या, "सर, ह्यांना एकदा झटका येऊन गेलाय. मला साखर आहे. आमच्या मागे रोहनला विमलबाई ठेवणार होत्या. दुसरं कोणी नाही."

हे त्यांनी मला आधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. कादंबरी कुणाच्या आधारावर उभी आहे हे मी दीड वर्ष पाहत होतो. घर कुणाच्या आधारावर उभं आहे हे विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी विमलबाई स्वतःच आमच्या कार्यालयात हजर. हातात प्रुफांचं भेंडोळं, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतली वांगी त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "हे घरच्यासाठी. आता भांडतो." (आमच्याकडे बायाही 'भांडतो, जातो' म्हणतात. दूरच्या वाचकांनी पेन्सिल उचलू नये.)

"बसा ना, विमलबाई. चहा सांगू?"

"च्या नोको. तुमीच काय थे, पुस्तकाले टाके घालनारे?"

"हो, म्हणजे..."

"मंग हे सांगा. मी लग्नात त्याले आनू नका म्हनलं होतं. हो, म्हनलं होतं. वाईट म्हनलं होतं. वयनीनं लिहिलं त लिहू द्या, माहं तोंड हायच तसं. पन हे कोठीत कोंडलं कोनं?"

मी नेहमीचं उत्तर काढलं. म्हटलं, बाई, ही कादंबरी आहे, ही तुम्ही नाहीच, ही वेगळीच बाई आहे, हिचं नावसुद्धा...

"बह्याड समजता काय मले? झेंडूचा मळा, नवरा मेलेला, पोट्टा पुन्यात. हिवरखेडात अजून किती बाया हाय तशा? फोटो लावाचा राहिला फक्त."

मला नांदगावचे म्हातारे आठवले, पण या वेळी हसू येईना.

"लोक चार दिवस बोलतील, मग विसरतील," मी म्हटलं.

"मले लोकाईचं काही नाही हो, भाऊ." त्या पहिल्यांदा खुर्चीवर बसल्या. आवाज उतरला. "आयका. रोहन राती वरडते. कधी दोन वाजता, कधी पहाटे. कावून वरडते थे त्यालेच माहीत. आता सुटीत माह्याकडे आला का शेजारी म्हनतात, रोहन आला वाटते. झोपून जातात. उद्या हे पुस्तक गावात आलं, अन् तो वरडला, तं काय म्हनतीन? म्हनतीन, विमल कोंडून राहिली पोट्ट्याले. दार वाजोतीन. कोनी पोलिसाले सांगन. मंग मी कसा ठेवू त्याले? सांगा. दादा गेला, वयनी गेली, मंग त्यानं कुठी जावं?"

टेबलावर आम्हा दोघांच्या मध्ये वांगी. इतकी वर्षं मी वाचकाची दया कमावत आलो. दया वाचकाला फार सोयीची. ती जागेवर बसल्या बसल्या करता येते. आईबापांची दया यावी म्हणून मी सगळं केलं होतं: आईला रडवलं, मुलाला संकट बनवून टाकलं आणि नणंदेला राक्षसीण. आणि जिच्या जिवावर ते आईबाप निश्चिंत मरू शकत होते, नेमकी तिचीच वाट बंद केली होती.

"खरं काय झालं होतं?" मी विचारलं. हा प्रश्न संपादक सहसा विचारत नाहीत.

"कडी वयनीनं लावली होती. अकोल्याच्या घरी. मी तिथीच होतो. तीन राती झोपली नव्हती बाई. तिनं लावली, मी उघडली नाही. मी म्हनलं, राहू द्या, च्या पिऊ. दोघी दाराले पाठ लावून बसलो. तो आतून ठोकून राहिला, आमी पिऊन राहिलो. मंग त्याचा आवाज बंद झाला. तवा असा जीव गेला आमचा! दोघी एकदम कडीले झोंबलो, तिच्या हातात माहा हात. उघडून पाहतो तं काय, पंख्याखाली उभा हाय, मान वर करून. आमच्याकडे पाहे बी ना."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला. जे झालं ते सांगितलं. म्हटलं, ताई, दोन वाटा आहेत. तो प्रसंगच काढून टाकू, कुणीच कोंडलं नाही, कुणाला त्रास नाही. किंवा तुम्ही लिहिलं होतं तसं. पण तसं ठेवलं तर लोक तुम्हाला बोलतील, हे मी आधीही सांगितलंय. ते खरं आहे.

पलीकडे रोहन काहीतरी एकच अक्षर लांबवत होता.

"कडी माझी आहे, सर," ताई म्हणाल्या. "परत द्या मला. तुम्ही म्हणालात तेव्हा बरं वाटलं होतं. दुसऱ्याच्या हातात दिली तेव्हा दोन दिवस शांत झोप लागली. पण माझीच आहे ती."

"अन् च्या बी टाका, वयनी," विमलबाई फोनच्या अंगावर ओरडल्या. "साखर भुलल्या होत्या तुमी त्याच्यात. थे बी टाका."

पलीकडून हसल्यासारखं काहीतरी आलं. मग दोघी भाज्यांच्या भावावर बोलायला लागल्या आणि मी माझ्याच फोनवर तिसरा माणूस झालो.

जुळलेली पानं सगळी मोडली. मालकांनी मला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. नणंदेची न घडणारी पानं परत आली. आंघोळीही मागितल्या ताईंनी. मी घासाघीस करून काही रोखल्या, काही सोडल्या. सुमनने नवं प्रूफ वाचलं. या वेळी डोळे पुसले नाहीत. जेवताना मधेच म्हणाली, "मी असते तर मीही लावली असती," आणि आमटी वाढायला लागली. आमटी माझ्या पानाबाहेर पडली, तरी तिच्या लक्षात आलं नाही.

प्रकाशन अकोल्यात झालं, एका शाळेच्या सभागृहात. पुस्तक धडाक्यात खपलं असं मी म्हणणार नाही. मधला भाग रेंगाळतो, असं एका परीक्षणात आलं. दोन पत्रं आली की अशी आई असूच कशी शकते. त्यातलं एक पत्र ताईंच्याच शाळेतल्या बाईंचं होतं. म्हणजे मी म्हणालो होतो तसंच झालं. बरोबर ठरल्याचा इतका कमी आनंद मला पूर्वी कधी झाला नव्हता.

पण त्या संध्याकाळी हे सगळं व्हायचं होतं. अध्यक्ष 'या माउलीच्या त्यागाला' वंदन करत होते. मग ताईंनी कडीचं पान वाचलं. खाली मान घालून, भाजीची यादी वाचावी तसं. एक गृहस्थ उठून गेले. टाळ्या झाल्या, पण माझ्या अनुभवी कानाला त्या विचारात पडलेल्या वाटल्या. कार्यक्रम संपल्यावर शेवटच्या रांगेतली एक बाई मंचाच्या पायरीशी आली, ताईंचा हात धरला आणि म्हणाली, "आमच्याकडे पण." नावही सांगितलं नाही. हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

रोहन सभागृहात नव्हता. माइकचा आवाज नको म्हणून विमलबाई त्याला मागच्या व्हरांड्यात घेऊन बसल्या होत्या. मी तिकडे गेलो. तो भिंतीवरून बोट ओढत इकडून तिकडे चालत होता, विमलबाई पायरीवर बसून शेंगा फोडत होत्या. बाजूला एक बॅग.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "आता बरं हाय. मी लय बोलतो मात्र त्याच्यात."

"ही बॅग?"

"त्याची. घेऊन चाललो हिवरखेडले. आठ दिस. आईबापाशिवाय पयल्यांदा. दादाले म्हनलं, तुमी मेल्यावर एकदम कसा येईन तो? सवय नोको काय? जिते हाय तवाच पाहू."

"जमेल?"

"मले काय माहीत? नाही जमलं तं आनून देईन. मी काही देव नाही अन् राक्षस बी नाही, तुमीच तं खोडून ठेवलं थे." एक शेंग माझ्या हातात ठेवली. "त्याच्या पोळ्या फुगवाच्या हाय आता आठ दिस. माहा हात दुखते आत्तापासून."

ओळखीच्या टेम्पोवाल्याची गाडी आली. सुधीररावांनी बॅग ठेवली, परत काढून आत काही पाहिलं, परत ठेवली. रोहन आधी चढेना. विमलबाई ओढत नव्हत्या, बोलतही नव्हत्या, नुसत्या आत बसून होत्या. मंगलाताई दोन पावलं पुढे झाल्या तर त्यांनी आतूनच हाताने थांबवलं. बऱ्याच वेळाने तो आपणहून चढला आणि तोंड दुसरीकडे करून बसला. आईकडे त्याने पाहिलं नाही. गाडी गेली. माझ्या हातची कादंबरी असती तर इथे आई गाडीमागे धावली असती. ताई धावल्या नाहीत. गाडी वळेपर्यंत उभ्या राहिल्या आणि सुधीररावांना म्हणाल्या, "मग आता काय करायचं?"

"चहा घेतेस?"

"नको. जरा बसते."

त्या आत जाऊन पाठच्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसल्या. अध्यक्षांना गाडीत बसवून मी परत आलो तेव्हा मंडपवाल्याची माणसं खुर्च्या एकात एक घालून बाहेर नेत होती. लोखंडी खुर्च्या, कर्कश आवाज. ताईंची मान बाजूला कलली होती, तोंड किंचित उघडं, गळ्यातला हार तसाच. सुधीरराव शेजारी उभे होते, ताईंची पर्स हातात धरून.

"उठवू का त्यांना?" मी विचारलं.

"नको," ते म्हणाले.

माणसांनी सभोवतालच्या सगळ्या खुर्च्या उचलल्या. ती एक ठेवली. मग त्यांतला एक जण हळूच म्हणाला, "झोपू द्या, साहेब, आमी जेवून येतो," आणि जाताना बाकीच्यांना आवाज न करता चालायची खूण केली.